हवेवर बोलणारे पोपट

गाणं थांबलं, टाळ्या विरल्या आणि मधल्या दोन क्षणांच्या शांततेत मला वरून टकटक ऐकू आली. पुष्कळशा छोट्या चोची एकापाठोपाठ एक मिटल्याची. आजूबाजूची माणसं हसत होती, नातू बाकावर उभा राहून वर बोट दाखवत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. तो आवाज मी तेहतीस वर्षं ऐकलाय. भोसरीला बाटल्या भरायच्या लाइनवर मेंटेनन्सला होतो. दाबाची हवा सिलिंडरमध्ये शिरते, दांडा पुढे जातो आणि शेवटाला जाऊन टेकतो, तिथे असाच आवाज होतो. झोपेतही ओळखेन.

ठिकाण होतं कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचं डिस्नीलँड, आणि तिथली ‘एन्चांटेड टिकी रूम’, म्हणजे यंत्राचे पोपट गातात-बोलतात तो हॉल. मुलगा अर्वाइनला असतो. आम्ही दोघं सहा महिने त्याच्याकडे होतो. सूनबाई म्हणाल्या होत्या, “बाबा, पाय दुखले तर त्या पोपटांच्या हॉलमध्ये बसा. गार असतं, पाव तास आराम होईल.” मी आरामाला म्हणून गेलो आणि त्या एका दिवसात तीनदा आत जाऊन बसलो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा बाकीचं पार्क मुलांवर सोडून दिलं.

असं का झालं ते सांगायचं तर आधी आमच्या पेठेत जावं लागेल.

पुण्याच्या गणपतीतले हलते देखावे ज्यांनी ऐंशीच्या दशकात पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. गावोगावचे लोक टेम्पो करून यायचे, रात्रभर पायी फिरायचे, एकेका देखाव्यासमोर तासभर रांगेत थांबायचे. तुळशीबागेत डी. एस. खटावकरांनी उभे केलेले देखावे बघताना तोंडात बोट जायचं. ते मोठ्या कलावंताचं काम. आमचं मंडळ छोटं, वर्गणी थोडी; पण दरवर्षी काहीतरी हललंच पाहिजे असा हट्ट होता, आणि मंडळात पाना हातात धरणारा मी एकटा. त्यामुळे सतरा-अठरा वर्षं ते काम माझ्याकडे आलं. नाना पेठेतून ट्रकच्या जुन्या वायपर मोटारी आणायच्या, सायकलची चेन आणि दातेरी चक्रं, लेथवर उतरवून घेतलेले कॅम (म्हणजे फिरता फिरता दांडा वर-खाली ढकलणाऱ्या वेड्यावाकड्या चकत्या), बांबूचा सांगाडा, त्यावर काथ्या आणि गोणपाट, वर प्लास्टर. मागे पडद्याआड टेप. पावसाने गारठलेल्या मांडवात दहा दिवस मी त्या मोटारींच्या शेजारी झोपलोय.

1984 साली आम्ही रेडा केला. पैठणचा प्रसंग, ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले तो. रेडा मोठा झाला होता, खरोखरच्या रेड्याएवढा, काळ्या मखमलीचा. जबड्याला बिजागरी, आत वायपर मोटार, मोटारीला क्रँक. एका वेदपाठी गुरुजींच्या घरी जाऊन ऋचा कॅसेटवर भरून आणल्या होत्या. पण मोटार म्हणजे मोटार. ती तिच्या चालीने फिरणार. ऋचेतला उदात्त-अनुदात्त तिला काय कळणार? गुरुजींचा स्वर लांबला तरी जबडा आपल्याच ठेक्यात मिटायचा. ऋचा संपली की मी पडद्यामागून हाताने स्विच बंद करायचो. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, स्विचच्या वायरीत पाणी गेलं आणि रेडा थांबेचना. ज्ञानोबा बोलायला लागले, ब्रह्मवृंद हात जोडायला लागला आणि रेड्याचा जबडा उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. शेवटी मी बॅटरीची वायर ओढून काढली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी तरीही डोळे मिटून हात जोडले होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आवाज आणि हालचाल, ही दोन एकमेकांना बांधायची कशी? हा प्रश्न माझ्या डोक्यात चाळीस वर्षं पडून होता. त्याचं उत्तर अ‍ॅनाहाइमच्या एका गवती छपराखाली 23 जून 1963 पासून रोज लोकांना दाखवलं जातंय, हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होतो.

उत्तर इतकं सुंदर आहे की ते नीट सांगतो. त्यांनी आवाज आणि हालचाल एकाच टेपवर भरली. एका पट्टीवर पोपटाचं बोलणं, गाणं. शेजारच्या पट्ट्यांवर नुसते सूर, जे प्रेक्षकांना कधीच ऐकवायचे नाहीत. टेप फिरायला लागली की ते सूर तारेतून एका यंत्राकडे जायचे. तिथे धातूच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या, पेटीत असतात तशा, प्रत्येकीचा सूर ठरलेला. आपल्याकडे सतारीच्या तरफा असतात बघा. वरच्या तारेवर गंधार वाजला की खालची गंधाराची तरफ आपोआप झणाणते, बाकीच्या गप्प राहतात. अगदी तेच. ज्या पट्टीचा सूर आला ती पट्टी थरथरायची, थरथरली की सर्किट जुळायचं, सर्किट जुळलं की व्हॉल्व्ह उघडायचा, हवा नळीतून वर पोपटाच्या पोटात जायची आणि चोच उघडायची. सूर थांबला की चोच बंद. म्हणजे पोपट बोलतोय तोच क्षण, तीच टेप, तीच चोच. टेप उशिरा सुरू झाली किंवा मध्येच थांबली, तरी आवाज आणि चोच एकत्रच सुरू होणार, एकत्रच थांबणार. त्यांची फारकत होत नाही.

हे वाचलं तेव्हा मी मुलाच्या हॉलमध्ये रात्री दोन वाजता उठून येरझाऱ्या घातल्या. ही म्हणाली, “अहो, झोपा आता.” कसली झोप.

त्यांनी या तंत्राला नाव दिलं ‘ऑडिओ-अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स’. माणसांना दाखवायच्या पूर्ण खेळात ते पहिल्यांदा वापरलं गेलं ते या टिकी रूममध्ये. पण तिथवर पोचायला बारा वर्षं लागली, आणि त्या बारा वर्षांची सुरुवात आमच्यासारखीच आहे, याचं मला फार बरं वाटलं. 1951 मध्ये डिस्नीच्या कारखान्यातले रॉजर ब्रॉगी आणि वॅथेल रॉजर्स एका नाचणाऱ्या बाहुल्यावर काम करत होते. बाहुला नऊ इंचांचा. बडी एब्सेन नावाच्या नटाला चौकटी आखलेल्या पडद्यासमोर नाचायला लावून त्याचं चित्रीकरण केलं, मग एकेक चौकट मोजून त्याप्रमाणे कॅम कापले, आणि कॅमवर ओढल्या जाणाऱ्या तारांनी बाहुल्याचे पाय हलवले. कॅम आणि तारा! लेथवर उभं राहून मी जे केलं तेच. 1955 मध्ये पार्क उघडलं तेव्हा तिथल्या जंगलच्या नावसफरीतले प्राणीही अशाच साध्या यांत्रिक हालचालींवर होते. कान हलव, डोकं वर-खाली कर. एक चाल, पुन्हा तीच चाल. तिथेच ते अडकले होते, जिथे आम्ही अडकलो.

वाट सापडली ती एका खेळण्यात. वॉल्ट डिस्नीला न्यू ऑर्लिन्सच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पिंजऱ्यातला चावीचा पक्षी मिळाला. चावी दिली की मान वळवायचा, चोच हलवायचा, गायचा. तो पक्षी त्याने आपल्या माणसांच्या पुढ्यात ठेवला, खोला आणि बघा म्हणून. मालकाने यंत्र आणून टेबलावर ठेवावं आणि खोला म्हणावं, याहून मोठी कौतुकाची थाप कारागिराला नसते. माझ्या नोकरीत असं एकदाच घडलं, आणि तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे.

आता गंमत पुढे आहे. टिकी रूम ही खेळ म्हणून बांधलीच नव्हती. ते हॉटेल व्हायचं होतं.

त्या काळात अमेरिकेत दक्षिण समुद्रातल्या बेटांचं वेड होतं. हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ने 1933 पासूनच बांबू, मशाली, ‘टिकी’ म्हणतात त्या लाकडी मूर्ती लावून खाणंपिणं सुरू केलं होतं. मग महायुद्धात लाखो तरुण पॅसिफिकमध्ये जाऊन आले. 1959 मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं. घराच्या मागच्या अंगणात लोक मशाली लावायला लागले. तेव्हा डिस्नीलँडमध्येही असं एक जेवणघर हवं, असं ठरलं. जॉन हेंच या चित्रकाराने आराखडा काढला: टेबलांवर माणसं जेवतायत आणि वर पिंजऱ्यांतून पक्षी. तिथे काम करणारे रॉली क्रंप ही गोष्ट सांगत असत. चित्र बघून वॉल्टने विचारलं, पक्षी वर आणि ताटं खाली? पक्षी घाण करतील. हेंच म्हणाले, पेंढा भरलेले ठेवू. तेही वॉल्टला पटलं नाही. मग कुणीतरी त्या चावीच्या पक्ष्याची आठवण काढली. यंत्राचे पक्षी असू देत, टेबलाटेबलावर बोलू देत. अशी ती कल्पना वाढत गेली.

वाढत गेली आणि जेवणालाच भारी पडली. चार पोपट गप्पा मारतात, फुलांचे ओठ उघडतात, खांबांवरच्या लाकडी मूर्ती डोळे फिरवून गातात, मध्ये कारंजं उसळतं, वरून पक्ष्यांनी भरलेलं झुंबर खाली उतरतं. एवढं चाललेलं असताना कुणाचा घास तोंडात जाणार? आणि जेवण संपलं तरी उठणार कोण? खाणावळ चालवणाऱ्याला हे गणित पहिलं कळतं. टेबल रिकामं झालं नाही तर धंदा बसला. शेवटी टेबलं काढली, बाकं घातली, आणि हॉटेलचा खेळ झाला.

पण बांधकामावर त्या हॉटेलच्या खुणा राहिल्या, आणि त्या शोधण्यात माझा एक अख्खा दिवस गेला. बाहेर थांबायच्या अंगणात स्वच्छतागृह आहे. पार्कमधल्या खेळांना सहसा स्वतःचं स्वच्छतागृह नसतं, जेवणघराला लागतंच. स्वयंपाकघर शेजारच्या खानपानगृहांबरोबर सामाईक होतं. आणि हॉलच्या मधोमध जे कारंजं आहे ना, त्याच्या जागी मूळ आराखड्यात वेटर लोकांचं कॉफीचं ठाणं होतं. कारंज्याच्या बुडाशी सामान ठेवायची कपाटं आहेत म्हणतात ती त्यासाठीच. मी वाकून बघायला गेलो तेव्हा तिथली मुलगी हसून म्हणाली, इतक्या जवळ जाऊ नका. मी मागे झालो, पण तोवर कपाटाच्या दाराची फट मला दिसली होती.

यंत्रं तापू नयेत म्हणून हॉलला वातानुकूलन घातलं. तेव्हा ते पार्कमधलं पहिलं. सुरुवातीला आत जायला 75 सेंटचं वेगळं तिकीट होतं. आणि लोकांना हे काय आहे तेच कळत नव्हतं, म्हणून दारावर एक बोलणारा पोपट बसवला, आत या आत या म्हणून हाक मारायला. त्याला बघायला इतकी गर्दी व्हायची की रस्ताच अडायचा. शेवटी त्याला तिथून काढलं. आमच्याकडे मांडवाबाहेर झाडाला झोके घेणारं एक माकड लावलं होतं, त्याचंही असंच झालं. चौकीतून निरोप आला, माकड आत घ्या.

चार मुख्य पोपट आहेत. होजे, मायकेल, पिएर, फ्रित्झ. एक स्पॅनिश, एक आयरिश, एक फ्रेंच, एक जर्मन, आणि प्रत्येकाची इंग्रजी त्याच्या त्याच्या गावची. सुरुवातीला तिथला एक माणूस काठी घेऊन येतो, होजेला हळूच ढोसतो, आणि होजे झोपेतून उठतो. होजेचा आवाज वॉली बोग यांचा. हे बोग म्हणजे पार्कच्याच पलीकडच्या ‘गोल्डन हॉर्सशू’मधले नट. तिथे लोक टेबलाशी बसून शीतपेय घ्यायचे आणि समोर रंगमंचावर गाणं, नाच, नकला चालायच्या. 1955 मध्ये बोग दोन आठवड्यांच्या करारावर आले आणि 1982 पर्यंत तिथे उभे राहिले. तो खेळ 1986 पर्यंत चालला, पन्नास हजारांहून जास्त प्रयोग झाले. आपल्याकडे नाटकाचे दहा हजार प्रयोग म्हणजे केवढी गोष्ट, तेव्हा हा आकडा वाचून मी थांबलोच. बोग 2011 च्या जूनमध्ये गेले, आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्या बेटी टेलर दुसऱ्याच दिवशी. हॉर्सशूच्या रंगमंचावरची ती जोडी संपली. पण या बाजूला गवती छपराखाली काठी लागली की बोग अजून जागे होतात, जांभई देतात आणि बोलायला लागतात. मला त्यात भयंकर काही वाटलं नाही. भीमसेनजींची अभंगवाणी आपण रोज सकाळी लावतोच की.

आता छातीबद्दल.

पहिल्या वेळी मी चोची बघितल्या. दुसऱ्या वेळी माना. तिसऱ्या वेळी मला मायकेलच्या जवळची जागा मिळाली. त्याचं बोलणं संपलं होतं, फ्रित्झ गात होता, सगळे तिकडे बघत होते. मायकेल नुसता बसून होता. आणि त्याची छाती हलत होती. वर, खाली. वर, खाली. गाण्याच्या ठेक्यात नाही, त्याच्या स्वतःच्या. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसताना तो श्वास घेत होता.

त्या छातीची गोष्ट हॅरिएट बर्न्स यांनी सांगितलेली आहे. तिथल्या मॉडेल शॉपमध्ये काम करणाऱ्या त्या पहिल्या बाई. पक्ष्यांना खरी पिसं लावायचं काम त्यांच्याकडे होतं. अडचण अशी, की छाती फुगली की पिसं फाकायची आणि खालचा सांगाडा दिसायचा. काही केल्या जमेना. एकदा एका बैठकीत वॉल्ट समोर बसला होता, अंगात काश्मिरी लोकरीचा स्वेटर. तो हात हलवत बोलत होता आणि बर्न्सबाईंचं लक्ष त्याच्या कोपराकडे गेलं. हात दुमडला की लोकर ताणली जायची, सरळ झाला की पुन्हा जागेवर, कुठे चुणी नाही, कुठे फट नाही. सगळे वॉल्टचं बोलणं ऐकतायत आणि ही बाई कोपर बघतेय! त्यांनी तशी लोकर खास विणून घेतली आणि पोपटांच्या छातीला लावली. ती हलते आणि मोडत नाही.

हे वाचलं आणि 1984 चा तो मांडव पुन्हा डोळ्यांपुढे आला. एक गोष्ट मी वर सांगितली नाही. रेडा थांबत नव्हता त्याच्या आदल्या रात्रीची. सगळं व्यवस्थित चाललं होतं. लोक खूश होते. गर्दीत मागच्या आळीतल्या गवळ्याचा मुलगा होता, सात-आठ वर्षांचा, बापाच्या खांद्यावर बसलेला. त्याने बराच वेळ बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “बाबा, हा मेलेला आहे. ह्याचं पोट हलत नाहीये.” बापाने त्याला गप्प केलं. मी पडद्यामागून ऐकलं. रोज गोठ्यात झोपणारं पोर ते. त्याला वेद ऐकायचे नव्हते, त्याला जनावर दिसत होतं. आम्ही दीड महिना त्या जबड्यापाठी घालवला होता आणि पोट नुसतं काथ्याने भरून टाकलं होतं.

बोलणं ही प्राण्याची फार थोडी वेळची गोष्ट आहे. श्वास सतत. हे त्या मुलाला ठाऊक होतं आणि बर्न्सबाईंना ठाऊक होतं.

टिकी रूमनंतर त्या मंडळींनी पक्ष्यांवरून माणसावर झेप घेतली. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात अब्राहम लिंकन खुर्चीतून उठून उभा राहिला आणि भाषण करायला लागला. माणसाच्या धडाला हवा पुरत नाही, तिथे तेलाचा दाब घ्यावा लागला. ते हायड्रॉलिकचं काम, गळती आली, वजन आलं, सगळं आलं. मग 18 मार्च 1967 ला डिस्नीलँडमध्ये चाच्यांची नावसफर उघडली. तोवर वॉल्ट गेला होता, तीन महिन्यांपूर्वी. आणि हॉटेलचं जे स्वप्न पोपटांनी मोडलं, ते तिथे वेगळ्या रीतीने पुरं झालं. नाव सुटते, आणि डाव्या-उजव्या बाजूला काळोखं पाणी, काजवे, आणि पाण्याच्या काठावर कंदिलांच्या उजेडात माणसं जेवत बसलेली. ते ‘ब्लू बायू’ हॉटेल, त्याच दिवशी उघडलेलं. दुपारी बाराला जा, आत कायम रात्र. तिथे खेळ जेवणाऱ्याच्या ताटावर येत नाही. नाव समोरून शांतपणे जाते आणि खरी करामत पुढच्या वळणावर आहे. म्हणून टेबलं चालतात. आम्ही तिथे जेवलो नाही, नावेतूनच बघितलं. एका टेबलावरच्या आजीने माझ्या नातवाला हात केला.

आमची जेवणं झाली टिकी रूमच्या शेजारी, ‘ट्रॉपिकल हाइडअवे’त. 1962 ते 1993 या जागी ‘ताहितियन टेरेस’ होतं, बेटांवरचे नाच बघत जेवायचं. आता पाण्याकाठी नुसती बाकं-टेबलं आणि खाण्याची खिडकी. आम्ही अननसाचं थंड सॉफ्ट आइस्क्रीम घेतलं. ते डोल कंपनीचं. 1976 पासून टिकी रूमची प्रायोजक तीच. त्यात दूध नाही हे कळल्यावर हिने लगेच विचारलं, मग उपासाला चालेल ना? त्या दिवशी चतुर्थी होती. मी म्हटलं, अननस आहे, खा. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं. वळून बघितलं तर एक पांढरी पक्षीण, तुऱ्याची, मान वाकडी करून आमच्या टेबलाकडे बघतेय.

ती रोझिटा. हे समजायला टिकी रूमचा खेळ ऐकलेला असावा लागतो. झुंबर खाली येतं, त्यावरच्या पक्षिणी गायला लागतात आणि होजे सहज विचारतो, रोझिटाचं काय झालं असेल कोण जाणे. बस, तेवढंच. पुढे कुणी बोलत नाही. 1963 पासून तो रोज हेच विचारत होता. आणि 2018 च्या डिसेंबरमध्ये ही जागा नव्याने उघडली तेव्हा त्यांनी रोझिटाला इथे आणून बसवलं, भिंतीपलीकडे. पंचावन्न वर्षांनी. होजेला ते अजून माहीत नाही. तो आत तेच विचारत असतो. ही बाहेर जेवणाऱ्यांशी बोलत बसते. म्हणजे हेंचच्या पहिल्या चित्रात होतं तसं, खाली ताट आणि शेजारी बोलणारा पक्षी, ते शेवटी झालंच. मला ते इतकं आवडलं की मी आइस्क्रीम विसरलो आणि ते माझ्या बोटांवरून ओघळलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. बाहेरच्या अंगणात क्रंप यांनी घडवलेल्या मूर्ती आहेत: माउई, पेले, रोंगो, हिना. हे पॅसिफिकमधल्या लोकांचे खरे देव आहेत, कुणाच्या तरी आजीने हात जोडलेले. इथे ते रांगेतल्या लोकांची करमणूक करतात आणि आत शेवटी रागावून गडगडाट करतात, खिडक्यांबाहेर पाऊस पाडतात. क्रंप यांचं काम अप्रतिम आहे, त्यात शंका नाही. पण आम्ही मांडवात रेडा केला तेव्हा समोरची आजी हात जोडणार हे धरून केला होता. दुसऱ्याचा देव हलवायचा तर हात जास्त सांभाळून चालवायला हवा, असं मला तिथे उभं असताना वाटलं आणि अजून वाटतं.

आता टेप गेल्या, सगळं डिजिटल झालं. पार्कला 50 वर्षं होत आली तेव्हा, 2005 मध्ये, टिकी रूम दुरुस्त करून नव्याने उघडली, पण खेळ तोच ठेवला. फ्लोरिडातल्या पार्कमध्ये 1998 साली नवे पक्षी, नवी गाणी घालून खेळ बदलला होता. 2011 च्या जानेवारीत तिथे छपराखाली आग लागली, आणि दुरुस्तीनंतर ऑगस्टमध्ये परत आला तो जुना खेळच, जरा आटोपशीर करून. जुनं आहे म्हणून ते टिकलं असं मला वाटत नाही. कुणीतरी रोज पहाटे पार्क उघडायच्या आत शिडी लावून वर चढत असणार, गळणारी नळी बदलत असणार, पिसं विंचरत असणार, म्हणून ते टिकलं. ते लोक कधी दिसत नाहीत. मला त्यांना भेटायचं होतं. जमलं नाही.

परत यायच्या पंधरा दिवस आधी सचिनचा फोन आला. तो आता मंडळाचा कार्याध्यक्ष, माझ्या हाताखाली वायरी सोलत मोठा झालेला. यंदा हलता देखावा करायचा म्हणाला, बऱ्याच वर्षांनी. पोरांना स्क्रीन नकोय. “काका, रेडा करू या. तुमचाच. तोंडाला आता सर्वो मोटार लावू, आवाजाबरोबर बरोब्बर हलेल. कार्ड तीन हजारात येतं.”

मी म्हटलं, “तोंडाचं नंतर बघू. आधी पोट.”

“पोट?”

“सोळाचा बोअर, पन्नासचा स्ट्रोक, डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर घे. दोन्ही बाजूंना फ्लो कंट्रोल लाव, म्हणजे जाताना आणि येताना वेग वेगळा ठेवता येईल. श्वास आत घेताना लवकर, सोडताना सावकाश. एक्झॉस्टला सायलेन्सर विसरू नकोस, नाहीतर फुसफुस ऐकू येईल. आणि मखमल नको, ती चुण्या टाकते. काळी लोकर बघ, विणलेली, ताणली जाणारी. स्वेटरच्या कोपराला असते तशी.”

“काका, वेग किती ठेवू? मिनिटाला किती?”

ते मला सांगता येईना. मी म्हटलं, गोठ्यात जा, घड्याळ लावून मोज.

मागच्या आळीतला तो गोठा अजून आहे. गवळी गेला, मुलगा चालवतो, तोच तो, बापाच्या खांद्यावर बसून बोललेला. दुसऱ्या दिवशी अर्वाइनला सकाळ होत होती तेव्हा सचिनचा निरोप मोबाइलवर आला होता: “मोजलं. बसलेली असताना बावीस, उभी असताना अठरा. दादा म्हणतायत, रेडा उभाच आहे ना, मग अठरा धरा. आणि म्हणतायत, नाकपुड्या पण हलतात, ते विसरू नका.”